स्वर्गराज्य स्टेशन, नरकदरीचा घाट आणि आपल्या लोकलची वीज

पळसदरी (धागाकर्ती)

माझे बाबा मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात बँकरवर गेली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती गाडीला रेटत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि तिथे सुटून पुन्हा खाली येतात. आमच्याकडे सणवार, लग्नकार्य, पाहुणे, सगळं बाबांच्या घाटातल्या ड्यूटीवर ठरायचं.

गेल्या जूनमध्ये ते पहिल्यांदा माझ्याकडे जर्मनीत फ्रायबुर्गला आले. काय काय बघायचंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जवळपास घाट आहे का एखादा?"

आहे ना! फ्रायबुर्गहून काळ्या जंगलात चढणारी 'ह्योलेनटालबान'. ह्योले म्हणजे नरक आणि टाल म्हणजे दरी. गंमत म्हणजे या नरकदरीच्या तोंडाशी जे स्टेशन आहे त्याचं नाव 'हिमेलराइख', म्हणजे स्वर्गराज्य. नकाशावर खरोखर हीच नावं आहेत आणि गाडीतही रोज पुकारली जातात.

फ्रायबुर्ग स्टेशन समुद्रसपाटीपासून साधारण २७० मीटरवर. तिथून हिमेलराइखपर्यंत द्राइझाम नदीचं रुंद, सपाट खोरं आहे. कुरणं, गाई, लांब उतरत्या छपरांची शेतघरं. मग डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि गाडी चढाला लागते. पुढच्या बारा-एक किलोमीटरमध्ये ती चारशे मीटरहून जास्त चढून हिंटरत्सार्टेनला ८८५ मीटरवर पोचते. सगळ्यात तीव्र भागात चढ हजार मीटरला ५७ मीटर आहे. आपल्या भाषेत एकास साडेसतरा. आपला बोरघाट एकास सदतीस. म्हणजे इथला चढ भोरघाटाच्या (बाबा 'भोरघाट'च म्हणतात) दुपटीहून जास्त.

बाबांनी हिमेलराइख सुटल्यावर पाण्याची बाटली खिडकीखालच्या छोट्या टेबलावर उभी केली आणि बोट लावून मला दाखवलं. बाटलीतलं पाणी एका कडेला चढलं होतं, सरळ डोळ्यांना दिसण्याइतकं. मागे वळून बघत ते दोनदा म्हणाले, "आणि बँकर नाही?" नाही. चार डब्यांची विजेची गाडी आहे, मोटरा गाडीतच. ती गुणगुणत चढत राहते आणि आसपासचे लोक पुस्तक वाचत बसलेले असतात.

आता इतिहास. रस्ता जुना आहे. १७७० साली मारी आंत्वानेत लग्नासाठी व्हिएन्नाहून फ्रान्सला निघाली तेव्हा तिचा लवाजमा याच दरीतून फ्रायबुर्गला उतरला, आणि त्यासाठी इथली अवघड वाट मुद्दाम सुधारून घेतली होती. रेल्वे यायला आणखी शंभराहून जास्त वर्षं गेली. बाडेन संस्थानाच्या सरकारी रेल्वेने हे काम रोबेर्ट गेर्विग यांच्याकडे दिलं. ओफेनबुर्गहून निघणारी श्वार्त्सवाल्डबान त्यांनीच बांधली होती. ती १८७३ मध्ये पूर्ण झाली, वेढे घेत घेत चढते आणि तिच्यावर ३९ बोगदे आहेत. तिथे जागा होती म्हणून लांबचा वळसा घेऊन चढ सौम्य ठेवता आला. ह्योलेनटालमध्ये वळसा घ्यायला जागाच नाही. दोन कडे, मध्ये ओढा, त्याच्या बाजूला रस्ता. मग त्यांनी सरळ चढायचं ठरवलं आणि सर्वात उभ्या टप्प्यात, म्हणजे हिर्शस्प्रुंग ते हिंटरत्सार्टेन, रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवली. इंजिनाचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकून चढायचं, निलगिरीच्या गाडीसारखं. गेर्विग १८८५ च्या डिसेंबरमध्ये गेले. लाईन १८८७ च्या मे महिन्यात नॉयश्टाटपर्यंत सुरू झाली. स्वतः आखलेल्या घाटात गाडी चढताना त्यांना बघायला मिळालं नाही, हे वाचल्यावर मला फार वाईट वाटलं होतं. पुढे डोनाउएशिंगेनपर्यंतचा भाग १९०१ मध्ये जोडला गेला.

इथपर्यंतचं कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं. हा धागा काढायचं कारण वेगळं आहे. १९३६ साली या लाईनवर तारा टाकल्या गेल्या, आणि त्या तारांत जी वीज सोडली ती जर्मनीतल्या दुसऱ्या कुठल्याही लाईनवर नव्हती: २० हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ. ५० हर्ट्झ म्हणजे घरात दिव्याला येते तीच वीज. तेव्हाच्या जर्मन रेल्वेने प्रयोग म्हणून फक्त चार इंजिनं घेतली, चार वेगवेगळ्या कारखान्यांची. रेल्वे घरगुती विजेवर धावू शकते का, हे बघायला त्यांनी देशातला सगळ्यात कठीण घाट निवडला.

तो प्रयोग पुढे फ्रान्समार्गे आपल्यापर्यंत आला. आज मुंबईची लोकल ज्या २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झवर धावते, तिची एक मुळी या दरीत आहे. बाबांनी आयुष्यभर १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणारी वीज; घरात येते ती दिशा बदलत राहणारी, एसी) इंजिन चालवलं आणि शेवटी शेवटी घाटातल्या तारा बदलताना बघितल्या. हे ऐकून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमचा घाट ह्याच्या हाताखाली शिकला."

याच लाईनवरच्या टिटिझेला आपले खूप लोक जातात, तळं बघतात, कुकू घड्याळ घेतात, चेरीचा केक खातात. वाटेतल्या लाईनविषयी मात्र मराठीत मला चार ओळीही सापडल्या नाहीत. म्हणून लिहिलं. चूक असेल तर जरूर सांगा.

चिंचपोकळी स्लो

वा! बाटलीतलं पाणी डोळ्यांसमोर आलं. एक शंका. दात्यांची पट्टी आता नाही असं दिसतंय. एवढा चढ असताना काढली का? भीती नाही वाटली त्यांना?

पळसदरी

चांगला प्रश्न. दात्यांच्या पट्टीचं दुखणं म्हणजे वेग. त्या सात-एक किलोमीटरमध्ये गाडी अक्षरशः सरपटत जायची. पट्टीचं इंजिन जोडा, वर गेल्यावर सोडा, यात आणखी वेळ जायचा. लाईनवर किती गाड्या सोडता येतील हे तेवढा एकच तुकडा ठरवत असे.

१९३२-३३ मध्ये हेन्शेल कारखान्याने खास या घाटासाठी '८५' नावाची वाफेची इंजिनं बनवली. एकूण दहाच. पाच जोड चाकं, तीन सिलिंडर, पाणी आणि कोळसा इंजिनावरच. ती नुसत्या चाकांच्या पकडीवर चढू शकली आणि १९३३ मध्ये पट्टीची गरज संपली. त्यातलं ८५ ००७ हे एक इंजिन फ्रायबुर्गमध्ये जपून ठेवलंय.

बाबांचं मत असं की चढवणं हा सोपा भाग आहे, खरी परीक्षा उतरताना. भोरघाटात म्हणूनच मंकी हिलखाली कॅच सायडिंग आहेत. ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्ग सोडून चढाच्या रुळावर जाते आणि थांबते. ह्योलेनटालमध्ये कुठलंही इंजिन येऊन चालत नाही. हवेच्या ब्रेकखेरीज दुसरा स्वतंत्र ब्रेक लागतो. विजेची इंजिनं आली तेव्हा मोटर उलटी राबवून उतारावर गाडी धरून ठेवायची सोय त्यात होती. चाकावर ठोकळे घासून पूर्ण घाट उतरलं तर चाकं तापून लाल होतात, हे घाटात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

फेज_न्यूट्रल

धागा वाचून राहवलं नाही. वीज हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथल्या रेल्वेत १५ हजार व्होल्ट आणि १६⅔ हर्ट्झ (१९९५ पासून १६.७) अशी विचित्र वीज असते. १६⅔ म्हणजे ५० चा बरोबर तिसरा हिस्सा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एसीवर चालणारी जी कम्युटेटर मोटर होती (कम्युटेटर म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचं तांब्याचं कडं, त्याला टेकलेले ब्रश वीज आत पोचवतात), तिच्यात वारंवारता, म्हणजे हर्ट्झचा आकडा, वाढली की ब्रशखाली ठिणग्या पडायच्या आणि कम्युटेटर जळून जायचा. वारंवारता उतरवली की मोटर शांत. म्हणून रेल्वेने स्वतःची वेगळी वीज ठरवली. पण त्याची किंमत मोठी होती. रेल्वेला स्वतःची वीजकेंद्रं, स्वतःच्या उच्चदाब वाहिन्या किंवा वीज बदलणारी प्रचंड फिरती यंत्रं ठेवावी लागली. शेजारून सार्वजनिक ग्रिड जात असली तरी तिच्यावर सरळ ट्रान्सफॉर्मर लावून गाडी चालवता येत नव्हती.

ह्योलेनटालच्या चार इंजिनांचं (त्यांना ई-२४४ म्हणत) महत्त्व इथे आहे. चौघांनी एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली. एईजी आणि ब्राउन बोव्हेरी यांनी इंजिनातच पाऱ्याचे रेक्टिफायर बसवून एसीची डीसी केली आणि डीसी मोटरा चालवल्या. झीमेन्सने ५० हर्ट्झला टिकतील अशा कम्युटेटर मोटरा बनवल्या. क्रुपने आणखी वेगळा मार्ग धरला. चौघं एकाच घाटात, एकाच तारेखाली, वर्षानुवर्षं. याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? त्यातला रेक्टिफायरचा मार्ग पुढे जगभर टिकला. पाऱ्याच्या जागी सिलिकॉन आलं, एवढाच फरक.

आता एक दुरुस्ती. ५० हर्ट्झचा मान पहिल्यांदा हंगेरीला द्यायला हवा. काल्मान कांदो यांनी बुडापेस्ट-हेगेशहालोम लाईनवर १६ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ वापरली, तीही १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आणि मुख्य लाईनवर. त्यांची पद्धत फिरत्या फेज कन्व्हर्टरची (तारेतल्या एका फेजच्या विजेची इंजिनातच अनेक फेजची वीज करणाऱ्या यंत्राची) होती, इंजिन जड आणि गुंतागुंतीचं. ह्योलेनटालने कमी गुंत्याचे मार्ग पारखून दाखवले.

पळसदरी

मनापासून आभार. कांदोंचं नाव माझ्या लेखात यायलाच हवं होतं. मी 'जर्मनीतल्या दुसऱ्या कुठल्याही लाईनवर' असं लिहिलंय ते बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला ही सुरुवात इथलीच वाटेल. तुमची दुरुस्ती इथेच राहू दे.

चार कारखान्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बाबांना वाचून दाखवलं. विजेची इंजिनं मोजकी असल्यामुळे ८५ ची वाफेची इंजिनंही पुढची वीस-पंचवीस वर्षं याच घाटात होती. एका बाजूला पाऱ्याचे रेक्टिफायर आणि त्याच गाडीमागे कधी कधी कोळशाचं इंजिन रेटायला. बाबा म्हणाले, ते दिवस बघायला हवे होते.

इगतपुरी_४२०

नमस्कार. मी निवृत्त आहे, विद्युत विभागातच होतो. फ्रान्समार्गे कसं आलं ते थोडक्यात लिहितो.

युद्ध संपल्यावर फ्रायबुर्ग आणि दक्षिण बाडेन फ्रेंच लष्कराच्या ताब्यात आलं. म्हणजे ही लाईनही आली. फ्रेंच रेल्वेच्या अभियंत्यांनी इथली इंजिनं आणि त्यांच्या नोंदी नीट तपासल्या. लुई आर्मां हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी आपल्याकडे आल्प्सच्या पायथ्याशी एक्स-ले-बें ते ला रोश-सुर-फोरों या लाईनवर तीच पद्धत लावली. पुढे व्होल्टेज २५ हजारांवर नेलं. १९५४-५५ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये वालांसिएन-तियोंव्हिल या कोळसा आणि लोखंडाच्या जड वाहतुकीच्या लाईनवर ती यशस्वी झाली. त्यानंतर १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ हीच आपली पद्धत ठरवली. त्याआधी आपल्याकडे विजेवरची गाडी म्हणजे डीसी. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी-कुर्ला पहिली धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर.

आपली पहिली एसी इंजिनं 'वॅम-१'. युरोपातल्या कारखान्यांच्या एका गटाने ती बनवली आणि त्यात एईजी, क्रुप, झीमेन्स, ब्राउन बोव्हेरी हे चौघंही होते. तुमच्या घाटातली हीच चार नावं! वॅम-१ मध्येही पाऱ्याचेच रेक्टिफायर होते. पहिल्या इंजिनाला तेव्हाचे रेल्वेमंत्री जगजीवन राम यांचं नाव दिलं होतं.

फेज_न्यूट्रल यांनी विजेचं कारण सांगितलं, त्याला आमच्या बाजूची एक भर. १५०० व्होल्टवर एवढी ताकद ओढायची म्हणजे करंट प्रचंड. तार जाड लागते आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन उभं करावं लागतं. २५ हजारांवर करंट कमी, तार हलकी, सबस्टेशनं लांब लांब. देशभर हजारो किलोमीटर तारा टाकायच्या होत्या, तिथे हाच हिशोब निर्णायक ठरला. मुंबई जुनी असल्यामुळे मागे राहिली. पश्चिम रेल्वेचं रूपांतर २०१२ मध्ये पुरं झालं, मध्यची मुख्य लाईन २०१५ मध्ये आणि हार्बर २०१६ मध्ये.

इगतपुरीला आमच्या डोळ्यांदेखत डीसी संपून एसी सुरू व्हायची. प्रत्येक मेलचं इंजिन बदलायचं. कपलिंग सोडणारा माणूस, हिरवा झेंडा, पलीकडे वडेवाल्याची आरोळी. प्रवाशांना फक्त वडा आठवतो, आम्हाला ती दोन तारांमधली हद्द.

पळसदरी

इगतपुरीकाका, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण फ्रायबुर्ग स्टेशनातही नेमकं हेच झालं!

१९३६ मध्ये ह्योलेनटालला तारा आल्या तेव्हा फ्रायबुर्गच्या मुख्य लाईनवर वीज नव्हतीच. घाटाची लाईन एकटी होती, म्हणून तर प्रयोग करता आला. १९५५ मध्ये बाझेलकडून मुख्य लाईनची वीज फ्रायबुर्गला आली, जर्मनीतली नेहमीची, १५ हजार व्होल्ट, १६⅔ हर्ट्झ. एकाच स्टेशनात दोन वेगळ्या तारा समोरासमोर आल्या. एवढ्याशा घाटासाठी अख्ख्या देशाची पद्धत बदलणं शक्य नव्हतं. मग १९६० च्या मे महिन्यात घाटानेच आपली वीज सोडली आणि बाकी देशासारखी घेतली.

तोपर्यंत भारतात वॅम-१ येऊन पोचली होती. म्हणजे गेल्या जूनमध्ये बाबा आणि मी ज्या गाडीत बसलो तिच्या वरची तार ५० हर्ट्झची नव्हती.

दरीकाठ

आम्ही श्टुटगार्टला असतो. दरवर्षी डिसेंबरात मुलांना घेऊन या लाईनवरच्या रावेनाच्या पुलाखालच्या नाताळच्या बाजारात जातो. संध्याकाळी कमानींवर रंगीत उजेड सोडतात, खाली लाकडी खोपटी, भाजलेल्या बदामांचा वास आणि मधूनच डोक्यावरून उजळलेल्या खिडक्यांची गाडी जाते. धाकटी प्रत्येक गाडीला हात करते. पुलाविषयी लिहा ना. तो लाईन सुरू झाली तेव्हापासूनचा आहे का?

पळसदरी

नाही. आधीचा पूल लोखंडी कैच्यांचा, वळणावर होता आणि जड इंजिनांना पेलेना. शेजारी दगडी पूल बांधून डिसेंबर १९२७ मध्ये गाड्या त्यावरून वळवल्या. नऊ कमानी, उंची ३६ मीटर, लांबी सव्वादोनशे मीटरच्या आसपास. पुलावरही चढ संपत नाही. खालून नीट बघितलंत तर कमानींच्या वरची रेघ तिरकी दिसते. पुढच्या डिसेंबरात बदाम खाता खाता नक्की बघा.

एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच तो सुरुंग लावून पाडला. तीन-एक वर्षांत तो पुन्हा उभा राहिला. तुमची धाकटी ज्याला हात करते तो हा दुसऱ्यांदा बांधलेला.

कोथरूड_टू_कार्ल्सरूह

माझी आई ऑगस्टमध्ये येतेय. वय ७१, गुडघ्याचा त्रास. तिला फार चालवायचं नाही, पण डोंगर दाखवायचाय. या लाईनवर एका दिवसात काय करता येईल?

पळसदरी

आईंना हे जमेल. फ्रायबुर्गहून झेब्रुगला जाणारी गाडी घ्या. टिटिझेला ती मुख्य लाईन सोडून 'द्रायझेनबान'वर वळते. म्हणजे तीन तळ्यांची लाईन, १९२६ ची, १९ किलोमीटर. वाटेत फेल्डबेर्ग-बेरेनटाल लागतं, ९६७ मीटरवर. जर्मन रेल्वेचं नेहमीच्या गेजचं सर्वात उंच स्टेशन ते. पुढे श्लुखझेच्या काठाकाठाने गाडी जाते, खिडकीतून तळ्याचं पाणी दिसत राहतं. शेवटी झेब्रुगला उतरून काठावर बसा आणि परतीच्या गाडीने या. फलाट आणि तळं यात फारसं चालणं नाही.

डॉइचलांड-तिकीट या गाड्यांत चालतं. काळ्या जंगलात मुक्काम करणार असाल तर बऱ्याच गावांत लॉजवाले 'कोनुस' पाहुणेपत्र देतात, त्यावर प्रवास फुकट होतो. बुकिंग करताना विचारून घ्या.

येताना जमलं तर हिमेलराइखला उतरा. स्टेशनजवळच्या जुन्या वाड्यात खानावळ आहे, अपंग माणसांना बरोबर घेऊन चालवलेली. स्वयंपाक साधा आणि चांगला. बाबांनी तिथे बटाट्याचं सूप दोनदा मागितलं.

हिर्शस्प्रुंगच्या कड्यावर ब्राँझचं हरीण आहे. शिकाऱ्यापासून वाचायला हरणाने या कड्यावरून पलीकडे उडी मारली अशी गोष्ट सांगतात. ते खालच्या रस्त्यावरून नीट दिसतं, त्यासाठी बसने किंवा गाडीने जायला हवं.

कोथरूड_टू_कार्ल्सरूह

खूप खूप धन्यवाद ताई. पाण्याची बाटलीही नेतो.

चिंचपोकळी स्लो

नॉयश्टाटच्या पुढे काय आहे? सगळे टिटिझेलाच थांबतात असं दिसतंय.

पळसदरी

नॉयश्टाटनंतर एकदम मोकळं होतं. गुटाख नदीवर ६४ मीटरची एकच दगडी कमान आहे, १९०० च्या सुमाराची, त्या काळी मोठी करामत. पुढे माळ, शेतं, आणि डोनाउएशिंगेनला डॅन्यूबचा उगम. या भागाला वीज यायला २०१९ उजाडलं. तोपर्यंत नॉयश्टाटपुढे डिझेलवर जावं लागायचं. आता गाडी थेट जाते.

बाबा परत गेल्यावर त्यांचा फोन आला होता. कर्जतला जुन्या सोबत्यांना भेटले, सगळ्यांना बाटलीची गोष्ट सांगितली. कुणाचाच विश्वास बसेना. मला म्हणाले, फोटो काढला होतास ना, तो पाठव. काढला होता. आज पाठवला.